प्रिंटरचा पत्ता

वकीलबाईंच्या ऑफिसात नवा प्रिंटर आला, तेव्हा तो जोडायला बाहेरचा माणूस बोलवायचा नाही, असं मुख्य कारकून नानांनी ठणकावून सांगितलं. उभा जन्म कोर्टाच्या कागदांत काढलेल्या माणसाला एक डबडं जोडता येऊ नये म्हणजे काय!

नेटवर्कवर यायचं तर प्रिंटरला आकड्यांचा एक पत्ता द्यावा लागतो, एवढं त्यांना साडूनं फोनवर समजावलं होतं. तो पत्ता दुसऱ्या कुणाचा नसावा, हे सांगायला साडूनं तोंड उघडलं, तोवर नानांनी ‘कळलं, कळलं’ म्हणत फोन ठेवला होता. भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्यावर एक पत्ता छापलेलाच होता. छान, सुटसुटीत. नानांनी तोच प्रिंटरला देऊन टाकला.

त्याच वेळी आतल्या खोलीत बाईंची ऑनलाइन सुनावणी चालू होती. बेकरीवाल्याचं दुकान आजच रिकामं करायचं की नाही, ते ठरायचं होतं. तो बिचारा बाहेरच्या बाकावर रुमाल पिळत बसला होता. आतून येणारा बाईंचा खणखणीत आवाज एकदम थांबला. मग ऐकू आलं, “हॅलो? माझा आवाज येतोय का?”

बेकरीवाला उठून उभा राहिला. काही नाही, बसा, असं त्याला सांगत नानांनी मोबाइल काढला. साडूचा फोन लागता लागेना. लागला तेव्हा सगळं ऐकून तो शांतपणे म्हणाला, “अहो नाना, तो पत्ता इंटरनेटच्या डब्याचा स्वतःचा. सगळे कॉम्प्युटर आता प्रिंटरकडे इंटरनेट मागतायत. आधी त्याची वायर उपटा.”

नाना टेबलाखाली शिरले, डोकं आपटलं, वायर उपटली. थोड्या वेळानं आत पुन्हा बोलणं सुरू झालं. नाना मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवू लागले.

दार उघडलं. स्थगिती मिळाली, दुकान वाचलं, असं बाईंनी सांगताच बेकरीवाला मटकन खाली बसला आणि रडू लागला. झालं होतं असं, की सगळ्यांच्या पडद्यावर बाईंचा चेहरा बोट रोखून, डोळे वटारून तसाच गोठला होता. त्या नजरेपुढे समोरचा वकील इतका गडबडला, की नोटीस वेळेत दिलीच नव्हती हे स्वतःच बोलून बसला.

नानांनी चाचरत सगळं कबूल केलं. बाईंनी ऐकून घेतलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

“नाना, मी गप्प बसले म्हणून केस जिंकले, हे आपल्यातच राहू द्या. आमच्या ह्यांना कळलं, तर मला घरात राहणं मुश्कील होईल.”