नवनगराच्या अकरा बस

"बसचा मार्ग ठरवाले असं काय मोठं डोकं लागते?" शेषराव तायड्यांनी रहिवासी समितीच्या बैठकीत टेबलावर थाप मारली. "एकतीस वर्सं एस.टी.त कंडक्टर होतो मी! डोये बांधून गाडीत बसवा, नुसत्या गचक्यांवरून सांगतो कोणता फाटा आला ते! मार्ग माह्याकडं द्या, अन् तुमी निवांत झोपा!"

समितीनं मार्ग त्यांच्याकडं दिला. दुसरं कोणी घ्यायला तयारच नव्हतं.

शेलूबाजारजवळचं हे नवनगर आराखडा काढून, फुटपट्टी लावून वसवलेलं. पाच सेक्टर, पाच गोल चौक, रस्त्यांच्या मधोमध बोगनवेलीचे दुभाजक आणि प्रत्येक सेक्टरला एक काचेचा बसथांबा. तीन वर्षांत त्या थांब्यांवर बस सोडून सगळं येऊन गेलं होतं. शेळ्या, पत्त्यांचे डाव, एकदा तर पाऊस आला म्हणून एक अख्खा साखरपुडा! आता मात्र खरोखरची बस येणार होती. पांढरी, निळ्या पट्ट्याची, विजेवर चालणारी. सगळे सेक्टर फिरून ती शेलूबाजारला आणि तिथून जऊळका स्टेशनला जाणार होती.

शेषराव तीन दिवस पायी हिंडले. तिसऱ्या चौकातल्या चहावाल्या धनीबाई म्हणाल्या, "बस माह्या टपरीवरून गेली पायजे." सेक्टर दोनच्या लिलाबाई म्हणाल्या, "माहे गुडघे पाहा, अन् मंग ठरवा." नाही म्हणणं शेषरावांच्या स्वभावातच नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी मार्गाचा कागद घरात पसरला तेव्हा त्यांच्या बायकोनं, भागिरथाबाईंनी, चष्मा पुसून तो पाहिला.

"जिलबी काढली का?"

"जिलबी नाई व! नेटवर्क हाये हे, नेटवर्क!"

उद्घाटनाच्या दिवशीच त्यांची लेक धम्मदीपा आठ महिन्यांच्या नातीला घेऊन अकराच्या गाडीनं जऊळक्याला उतरणार होती. भागिरथाबाई सकाळपासून तयार होत्या.

"अवो, मी बाबूलालच्या जीपनंच जातो. पोरीले ताटकळत ठेवाले नोको."

"माह्या मार्गावरची पयली बस सोडून तू जीपनं जाशीन? लोक काय म्हनतीन? धा वाजता बसशीन, पावणेअकराले स्टेशनवर! मी सोता येतो संगं."

बरोबर दहा वाजता बस निघाली. पुढं झेंडूचा हार इतका मोठा, की नंबरप्लेट त्याच्या आड गडप! चालवायला आसेगावचे खेमाभाऊ. दहा वर्षं ट्रक चालवूनही एकदाही दंड न झालेला माणूस. शेषराव त्यांच्या बाजूला कागद धरून उभे.

पाचही सेक्टर झोकात झाले. जिथं तिथं टाळ्या! पाचव्या चौकाच्या पुढं शेषरावांनी हात लांब केला. "मार आता उजवीकडं, खेमाभाऊ. थो पाहा कमानीचा रस्ता. कमान पार केली, की शेलूबाजार!"

खेमाभाऊंनी पाहिलं. कमान होती. रस्ताही होता. मधे कंबरेइतका, अखंड, फुललेला दुभाजक होता.

"कसं मारू? उडवू का गाडी?"

शेषरावांनी काचेला नाक लावून दुभाजकात फट शोधली. तीन दिवस ते हा दुभाजक धोतर सावरत, टांग टाकून ओलांडत होते. बसला टांग टाकता येत नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं!

"पुढच्या चौकातून फिरव," ते हळूच म्हणाले.

पुढचा चौक म्हणजे पुन्हा पहिलाच, आणि तिथला रस्ता एकदिशा होता. तो सेक्टर एकवरून सरळ सेक्टर दोनमध्ये गेला. तिथून धनीबाईची टपरी, तिथून पाचवा चौक, आणि पुन्हा तीच कमान, तोच दुभाजक.

"बाप्पा, तुमी सारे रोज बाहेर कसे जाता?" शेषरावांनी प्रवाशांना विचारलं.

"राँग साइडनं!" सगळी बस एका सुरात म्हणाली.

"मंग आपणबी, खेमाभाऊ, जरा..."

"नाई जमत! नवी गाडी, पयला दिवस. अन् थे टपरीवर कोण बसून हाये, पाह्यलं का?"

टपरीपाशी खुर्ची टाकून, मांडीवर रजिस्टर घेऊन वाशिमहून आलेल्या निरीक्षक निता मॅडम बसल्या होत्या. बस सेवा कशी चालते, हे बघायला. शेषरावांनी खिडकीतून कडक सलाम ठोकला. मॅडमनी मान डोलावली आणि रजिस्टरात काहीतरी लिहिलं.

तिसऱ्या फेरीलाही सलाम, चौथ्या फेरीलाही. मॅडम दर वेळी जास्तच खूश दिसत होत्या.

गावात तर आनंदीआनंद! दर वीस मिनिटांनी बस येते म्हटल्यावर लोकांना वाटलं, सरकारनं एकदम ढीगभर बस पाठवल्या. सेक्टर चारनं फटाके लावले. बस भरली, पण उतरायला कोणी तयार होईना. लिलाबाई तर एका फेरीत उतरल्या, घरचा कुकर बंद केला, आणि पुढच्या फेरीत डब्यात गरम भजी घेऊन परत चढल्या! मागच्या बाकांवर गाणी सुरू झाली.

भागिरथाबाई तेवढ्या घड्याळ बघत होत्या. सव्वाअकरा वाजले तेव्हा त्यांनी फक्त एकदा नवऱ्याकडं पाहिलं. शेषराव लगेच कागद वाचू लागले. कागद उलटा होता.

सातव्या फेरीला सेक्टर एकच्या थांब्यावर कडेवर लेकरू घेतलेली एक बाई हात दाखवत होती. बस थांबली. ती धम्मदीपा होती!

"माय, तू कुठं होती व? तासभर वाट पाह्यली, मंग बाबूलालकाकाच्या जीपनं आलो. तू मले घ्याले येऊन राह्यली होती ना?"

"येऊनच राह्यली!" भागिरथाबाई कडाडल्या. "धा वाजल्यापासून येऊन राह्यली! तुह्या बापानं पोचू देल्लं तं ना!"

धम्मदीपानं बापाकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं आणि तिला हसू आवरेना. तिचं पाहून भागिरथाबाईही हसल्या. नात आजीच्या मांडीवर गेली आणि बसच्या झुलण्यानं दोन मिनिटांत गाढ झोपली. "प्रवासभर डोया नाई लावला हिनं," धम्मदीपा म्हणाली. मग काय, सगळ्या बसनं गाणी बारीक आवाजात केली आणि खेमाभाऊंनी आणखी चार फेऱ्या मारल्या. अकराव्या फेरीला बॅटरी संपली, तीही नेमकी तायड्यांच्या दारासमोर. नात जागी झाली आणि खळखळून हसली. असा दिवस नवनगरात आजवर झाला नव्हता!

आठव्या दिवशी वाशिमहून पत्र आलं. शेषरावांनी समितीसमोर मोठ्यानं वाचलं. "आपल्या नगरात पाहणीअंती अकरा बसगाड्या आढळल्या. मंजूर संख्या एक. उर्वरित दहा बसगाड्या तीन दिवसांत परत कराव्यात."

समितीनं पत्र पुन्हा एकदा वाचायला लावलं! नंतर उलगडा झाला, तो असा. मॅडमनी दुपारी धनीबाईंना विचारलं होतं, "सकाळपासून किती बस गेल्या?" धनीबाईंनी गावाची शान राखत सांगितलं होतं, "अकरा! मोजून अकरा!"

दुसऱ्या दिवशी शेषराव, भागिरथाबाई आणि खेमाभाऊ वाशिमला निता मॅडमच्या टेबलासमोर उभे राहिले.

"मॅडम, बस एकच हाये," शेषराव म्हणाले.

"आणि बाकीच्या दहा?"

"थ्याबी थेच."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "एकच बस अकरा वेळा? मग ती शेलूबाजारला का नाही गेली?"

"बाहेर पडाले रस्ताच नाई, मॅडम. दुभाजक आडवा हाये. कायद्यानं आत जाता येते, बाहेर येता येत नाई."

"काहीतरीच! मग माझी जीप कशी बाहेर आली?"

सगळ्यांनी दाराशी उभ्या असलेल्या मॅडमच्या ड्रायव्हरकडं पाहिलं. ड्रायव्हर पंख्याकडं बघू लागला.

मॅडम आधी लाल झाल्या, मग इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचे लोक उठून आले. दुभाजक फोडून वाट काढायचा प्रस्ताव त्यांनी तिथल्या तिथं लिहायला घेतला. "पण फायलीला तुमचा लेखी खुलासा लागेल, काका. दोन ओळी पुरेत."

शेषरावांनी छाती काढून लिहिलं, "बस एकच होती. ती अकरा वेळा रस्ता चुकली."

भागिरथाबाईंनी खांद्यावरून वाकून वाचलं.

"बस नाई चुकली. गरीब गाडीवर कायले आळ घेता? नीट लिहा."

शेषरावांनी एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा मॅडमकडं. मग 'ती' खोडलं, वर बारीक अक्षरात 'मी' लिहिलं, 'चुकली'चं 'चुकलो' केलं आणि मुकाट्यानं सही केली.