वारो खंय जाता?

आम्ही आखातात होतो तेव्हा परबभावजींनी आमच्या माहूजच्या फ्लॅटमध्ये पहिली उदबत्ती लावली ती संडासात. देवघर हॉलमध्येच होतं, समई तेवत होती. भावजींनी देवाला हात जोडले, खिशातून उदबत्ती काढली, माझ्याच समईवर पेटवली आणि तडक आत गेले. मागोमाग जाऊन बघते तर हे कमोडशेजारी चवड्यांवर उभे. एक्झॉस्ट फॅनच्या जाळीखाली उदबत्ती धरून धुराकडे टक लावून बघतायत.

"वयनी, धूर वर जाताहा काय? नाय. तुमच्याकडेच येताहा." एवढं बोलून बाहेर आले, "नापास" म्हणाले आणि चहाला बसले. माझा असा संताप झाला की साखर घालायचीच विसरले. त्यांनी तो चहा तसाच प्यायला. चहा कसा आहे यापेक्षा त्याची वाफ कुठे जातेय याकडे त्यांचं लक्ष होतं.

"अगं, नोकरीच आहे त्यांची ती," नवरा नंतर म्हणाला. दोघं एकाच कंपनीत. त्या वर्षांत हमद टाउनमध्ये घरं भराभर उभी राहत होती. किल्ली मालकाच्या हाती पडण्याआधी स्वयंपाकघरातली आणि बाथरूममधली कोंदट हवा नियमाप्रमाणे बाहेर फेकली जाते की नाही, ते तपासायचं काम परबांचं. कंपनीने हवा मोजायचं मीटर दिलेलं होतं. ते जाळीला लावायचे, आकडा बघायचे, मान डोलवायचे. मग म्हणायचे, "ता ठीक. पण वारो खंय जाता?"

या प्रश्नाला ड्यूटीची वेळ नव्हती. नईममधलं न्हाव्याचं दुकान त्यांनी अर्धी दाढी झालेली असताना नापास केलं. एका सत्यनारायणाला तर आरतीभर डोळे वर लावून उभे होते. यजमानांना वाटलं, काय भक्ती आहे. प्रसाद हातावर पडल्यावर भावजी हळूच म्हणाले, "किचन नापास हा."

घराची शेवटची परीक्षा मात्र सुक्या बांगड्याची. स्वयंपाकघरात स्टोव्हवर तुकडा भाजायचा, पंखा लावायचा आणि आतल्या बेडरूममध्ये जाऊन हुंगायचं. वास आला की नापास. एकदा मालक सामानाचा ट्रक घेऊन दारात उभा, मुलीचं लग्न तोंडावर, सारखा विचारतोय, "खलास?" आणि भावजी आतून मोडक्या अरबीत सांगतायत, "मफी खलास," अजून झालं नाही. बेडरूममध्ये बांगड्याचा वास जाता जाईना. जाळ्या काढल्या, छत उघडलं, इंजिनियर घामाघूम. शेवटी माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं, उरलेला तुकडा भावजींच्याच खिशात होता. घर पास झालं. मालक इतका हसला की तो तुकडाही मागून घेतला त्याने.

अशा माणसाने एका शुक्रवारी, ऐन ऑगस्टमध्ये, आमच्याकडे येऊन एसी बंद करायला सांगितला. खिडक्या लावल्या, छताचा पंखाही थांबवला. त्यांच्या पत्नीने गावाहून पत्राऐवजी सेलच्या टेपरेकॉर्डरवर बोलून भरलेली कॅसेट आली होती. त्यांच्या खोलीवर माणसं फार, शांतता नाही, म्हणून आमचा टेपरेकॉर्डर. आम्ही गुळाच्या ढेपेसारखे पाघळत बसलो. वहिनी म्हशीबद्दल, मुलाच्या शाळेबद्दल बोलत होत्या, मध्येमध्ये खोकत होत्या. भावजींचं बोलण्याकडे लक्षच नव्हतं. टेप संपल्यावर म्हणाले, "खोकलो वाढलोहा," आणि कॅसेट खिशात घालून निघून गेले.

मी नवऱ्याला म्हटलं, बायको एवढं जीव तोडून बोलतेय आणि हा माणूस खोकले ऐकतो? तेव्हा त्याने मला सगळं सांगितलं. घरी चुलीच्या धुराने वहिनींच्या छातीची पार वाट लागली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, धूर थांबला नाही तर औषधाचा उपयोग नाही. भावजींनी मागच्या रजेत इथून एक एक्झॉस्ट फॅन नेला, स्वतः भिंत फोडून चुलीवर बसवला. आणि गावात वीजच नव्हती. खांब येणार, येणार, असं नुसतं चाललं होतं. लोक म्हणे मुद्दाम बघायला यायचे आणि हसून जायचे. मला त्या बिनसाखरेच्या चहाची फार लाज वाटली.

मग एकदा भावजी जिना धावतच चढून आले. हातात कॅसेट, चेहरा असा फुललेला की मला वाटलं बढतीच मिळाली. "वयनी, गावात लाईट इली." गावचा एक माणूस रजेवरून परतताना निरोप आणि कॅसेट दोन्ही घेऊन आला होता. या वेळी एसी मीच बंद केला. खिडक्या लावल्या, कुकरखालचा गॅससुद्धा बंद केला. टेपचं बटणही मीच दाबलं.

सुरुवातीला नुसती घरघर. "कॅसेट खराब झाली वाटतं," मी म्हटलं.

"खराब नाय. पंखो तो," भावजी म्हणाले.

त्या घरघरीतून वहिनींचा आवाज आला. मी बरी आसंय, तुमी कशे आसात. म्हशीला रेडकू झालं. मुलगा अभ्यास करत नाही. शेजारीण पंखा बघायला आली, तिलाही तसलाच हवाय. आम्ही तिघं त्या टेपरेकॉर्डरवर वाकून बसलो होतो, नाकावरून घाम टपकत होता, आणि वहिनी बोलतच होत्या. खोकला नाही. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. भावजींनी डोळे मिटून घेतले होते.

एकाएकी वहिनी थांबल्या. मग जरा मोठ्याने म्हणाल्या, "अवो, ह्या पंख्याच्या आवाजात माजा बोलणा तुमका आयकाक येता मां? बंद करू काय वायच?"

भावजी ताडकन पुढे झाले, टेपरेकॉर्डरला तोंड लावून म्हणाले, "नको गो. बंद करू नको."

मी हसणारच होते, पण टेपकडे लक्ष गेलं. टेपवर वहिनी गप्प होत्या. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. तीही आता थांबते की काय म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. ती थांबली नाही. वहिनी पुन्हा बोलायला लागल्या, रेडकाचं नाव काय ठेवायचं ते विचारायला लागल्या.

भावजींनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते.

"आयकल्यान तिना," ते म्हणाले.