गुरुबसप्पांच्या गुडघ्यांचं मलम

सोलापूरच्या नवी पेठेत भांड्यांचं दुकान चालवणारे गुरुबसप्पा रोज सकाळी कपाटातलं मलम गुडघ्यांना चोळत होते, आणि गुडघे सुधारतायत असं त्यांना वाटतही होतं. त्यांच्या बायकोने, गंगम्माने, ते एका शनिवारी पाहिलं.

"अय्यो! हे काय लावताय?"

"वाताचं मलम की."

"ते माझं हाय! दवाखान्यातल्या संशोधनाचं!"

पाळी गेल्यापासून गंगम्माची झोप उडाली होती. मधेच अंगातून वाफा निघायच्या, नवऱ्याने नुसता हात धरला तरी वैताग यायचा. अशा बायकांवर डॉक्टर ऋतुजा एका मलमाचा परिणाम तपासत होत्या. गंगम्मा त्यात सामील झाली आणि हळूहळू भाकरी थापताना गुणगुणायला लागली. रात्री पाठ फिरवून झोपणंही थांबलं. गुरुबसप्पांनी त्याचं सगळं श्रेय आपल्या केसांच्या नव्या रंगाला दिलं होतं.

"संशोधन कशाचं?"

"बायकांच्या हार्मोनचं."

गुरुबसप्पांनी दोन्ही पाय सावकाश खाली सोडले. "बायकांचं हार्मोन... माझ्या गुडघ्यात?"

त्या दिवशी दुकानात एका नव्या नवरीला रुखवताची भांडी बांधून देताना त्यांचे डोळे भरून आले. घाबरून त्यांनी चुलतभावाला फोन लावला. "अण्णाराव, माझा आवाज कसा येतोय?"

"लई बारीक येतोय," अण्णाराव होटगी स्टेशनवरून ओरडले. मागे मालगाडी धडधडत होती, पण गुरुबसप्पांना ती ऐकूच आली नाही.

संध्याकाळी गंगम्माने कुतूहलाने विचारलं, "अंगातून वाफ निघते का वो?"

"निघतीय की!"

मे महिना होता. अख्ख्या सोलापुरातून वाफ निघत होती.

सोमवारी दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी हसू दाबत सगळं ऐकून घेतलं. "काका, निम्म्या बायकांना औषध असतं, निम्म्यांना नुसतं साधं मलम. कुणाला काय मिळालंय ते मलाही माहीत नसतं. पण आता विचारावंच लागेल." त्यांनी कुठेतरी फोन केला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "तुमच्या ट्यूबमध्ये औषधच नव्हतं."

"मला म्हाईतच होतं!" गुरुबसप्पांचा आवाज एकदम जाडा झाला.

गंगम्मा मात्र विचारात पडली. "मग मी बरी कशी झाले? झोप लागती. अन्..." तिने नवऱ्याकडे पाहिलं, "बाकीचं बी."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "मलाही तेच कळायला हवंय. घरात काही बदललं का?"

"घरात कायबी न्हाय. पण हितं तुमी दर सोमवारी विचारता, झोप लागली का, मन कसंय, नवऱ्याच्या जवळ जावंसं वाटतं का. लग्न झाल्यापासून मला असं कुणी विचारलंच नव्हतं."

गुरुबसप्पा वरचा पंखा निरखू लागले.

परतताना रिक्षात ते गुडघे चोळत बसले होते. मग घसा खाकरून, रस्त्याकडे बघतच त्यांनी विचारलं, "काल... झोप लागली का नीट?"

"लागली."

"अन् मन?"

"बरं हाय."

गुरुबसप्पांनी रुमालाने मान पुसली. रिक्षावाल्याने गाण्याचा आवाज हळूच बारीक केला.

"तिसरं विचारा की," गंगम्मा म्हणाली.