कंपनीतून आला तसा

ओदुरोनं ते बटण दाबलं ते निव्वळ मत्सरापोटी.

रोज संध्याकाळी त्याची बायको सेरवा कंप्युटरसमोर बसायची आणि पडद्याकडे बघून एकटीच खुदुखुदू हसायची. पलीकडे कोण? तर चर्चच्या गायनमंडळाचा अमोआको मास्तर. "गाण्याचं काम आहे," म्हणे! गाण्याच्या कामात एवढं हसतं कोण? ओदुरो तर आमच्या बांतामा वस्तीतला डामेचा राजा. डामे म्हणजे चौकटींच्या पाटावर सोंगट्या आपटायच्या आणि त्याहून जोरात समोरच्याचा उद्धार करायचा. आंब्याखाली बसून त्यानं भल्याभल्यांना रडवलेलं. सेरवानं एकदा "मलाही खेळू द्या" म्हटलं, तर "तू सूप ढवळ" म्हणून तिला आत पाठवलेलं. अशा मर्दाच्या बायकोनं एका पेटीकडे बघून हसावं?

एका दुपारी सेरवा बाजारात गेली तशी त्यानं पेटी उघडली. चाचपडताना एक बटण सापडलं. 'सगळं पुसा आणि कंपनीतून आला तसा करा.' ओदुरोला शब्द फार आवडले. कंप्युटर पहिल्यासारखा, घर पहिल्यासारखं, बायकोही पहिल्यासारखी! वर पेटीनं विचारलंही, 'तुमची नक्की खात्री आहे का?' इतक्या अदबीनं या घरात त्याला कित्येक वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. त्यानं भरल्या गळ्यानं होकार दिला.

कंप्युटर पहिल्यासारखा झाला खरा, पण भलताच मंद. सेरवानं एक अक्षर दाबावं, आत जाऊन कसावाचे उकडलेले कंद कुटावेत, त्या फुफूचे गोळे वळावेत आणि परत यावं, तर ते अक्षर जांभया देत नुकतं उमटत असायचं. पडद्यावर गरगरणारं चक्र बघून भिंतीवरची पाल चक्कर येऊन खाली पडली. खोटं वाटत असेल तर पालीला विचारा.

"आबेनाचे बाबा, याला काय झालं हो?" सेरवानं विचारलं. आबेना ही त्यांची लेक, लग्न होऊन आक्राला गेलेली.

"मला काय ठाऊक? उकाड्यानं झालं असेल."

"मास्तरांनाच बोलावते. त्यांना कळतं यातलं."



मास्तर आला तो नेमका जेवणाच्या वेळी. आता, जेवणाऱ्यानं आल्यागेल्याला "या, बसा जेवायला" म्हणायचं आणि आलेल्यानं "माझा हात त्यातच आहे" म्हणून लांब राहायचं, ही आपली रीत. ओदुरोनं दात आवळून बोलावलं. मास्तर म्हणाला, "माझा हात त्यातच आहे, वोफा!" आणि बाही सरसावून खरोखरच हात घातला. सुपातला सगळ्यात मोठा मासा गेला. वर हे 'वोफा'! म्हणजे मामा. वयानं दोघं बरोबरीचे, फरक फक्त मास्तरच्या मिशीच्या कलपाचा.

हात धुऊन मास्तरनं निदान केलं. "वोफा, याचं डोकं पुन्हा पाच वर्षं मागं गेलंय. मधल्या काळात जे शिकला होता ते सगळं आता इंटरनेटवरून एकदम गिळतोय. तोंडात एवढा घास असल्यावर धावणार कसा? गिळू द्या. बंद तेवढा करू नका."

मास्तरची पाठ वळताच ओदुरोनं वायर उपटली. पेटीच बंद, तर मास्तर कशाला येतोय?

दुसऱ्या दिवशी पेटीनं सांगितलं, काम अर्धवट राहिलं, आता पहिल्यापासून. मास्तर पुन्हा हजर, पुन्हा हात त्यातच. पेटीला इंटरनेट मिळायचं ते ओदुरोच्या फोनवरून, मग त्यानं जुने फुटबॉल सामने बघून फोनचा सगळा डेटा उडवला. मास्तर स्वतःचा फोन घेऊन आला आणि पेटी त्यावरून गिळत होती तोवर बसून राहिला. हाकलायला जावं तसा तो खुर्चीत जास्तच रुतत चालला.

शेवटी ओदुरोनं हुकमाचा एक्का काढला. "मास्तर, ते चक्र फिरतंय तोवर एक डाव होऊन जाऊ दे." सेरवादेखत याची अब्रू काढायची, एवढंच त्याच्या मनात.

सेरवा हातात पळी घेऊन दारात उभी राहिली. मास्तरनं कोपऱ्यातल्या दोन सोंगट्या अलगद पुढे सारल्या. "अरे, ही काय चाल झाली? तुझ्यापेक्षा माझी बकरी बरी खेळते!" म्हणत ओदुरोनं त्या गट्ट केल्या. तशी मास्तरची मागची सोंगटी उठली आणि एकाच उडीत ओदुरोची अख्खी रांग साफ करून पाटाच्या या टोकाला येऊन बसली.

"वोफा, तुमची माणसं कुठं गेली हो? बकरी शोधायला?"

त्या दिवसापासून ओदुरोची झोप उडाली. तोच कोपरा, तीच उडी, रोज हार. आता तो स्वतः फाटकात उभा राहून मास्तरची वाट बघू लागला. मासा मास्तरसाठी बाजूला काढू लागला. मग सेरवाचं तोंड फुगलं.

"माझ्याशी दोन शब्द बोलायला वेळ नाही, आणि मास्तर दिसला की कसे उजळता!" ती म्हणाली.

आणि एके दिवशी कंप्युटरचं गिळून संपलं. पेटी हरणासारखी पळायला लागली. मास्तरचं येणं थांबलं. आंब्याखालचा कुणीच ओदुरोला गोड लागेना.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यानं गुपचूप तेच बटण शोधलं. 'तुमची नक्की खात्री आहे का?'

"आहे की!" ओदुरो म्हणाला.

"नाही," मागून आवाज आला. सेरवा टोपली घेऊन उभी. "म्हणजे मागच्या वेळीही तुम्हीच!"

"अगं, एकदाच हरवायचंय त्याला! ती कोपऱ्यातली उडी कुठून शिकला कोण जाणे."

"माझ्याकडून."

ओदुरोचं बोट हवेतच राहिलं.

"संध्याकाळी याच्यावर आम्ही डामेच खेळायचो. रोज हरवायची मी त्यांना. तुम्ही मला सूप ढवळायला पाठवलंत, मग कुणाशी खेळायचं? माझे जिंकलेले सगळे डाव पुसून टाकलेत तुम्ही."

"म्हणजे ते हसणं..."

"मास्तर हरले की पोट धरून हसायची मी."

ओदुरोच्या छातीवरची धोंड उतरली आणि लगेच दुसरी बसली. "आणि मी हरलो तर?"

"ते बघू," सेरवा म्हणाली. तिनं पडद्यावर 'नाही' दाबलं, पाट ओढून सोंगट्या मांडल्या आणि पहिल्या चालीलाच कोपऱ्यातली सोंगटी अशी आपटली की पाल पुन्हा खाली आली.

ओदुरोनं उद्धार करायला तोंड उघडलं.

"थांबा," ती पाटावरची नजर न काढता म्हणाली. "सूप खाली लागेल. आधी ते ढवळून या."