समई चुकून दालनी गेली, त्या पंचमीची हकीकत

श्रीनटेश्वर प्रसन्न. शारदेचे चरणी मस्तक ठेवून, आणि ज्या विघ्नहर्त्याचे स्मरण केल्यावाचून या राज्यात ध्वनिक्षेपकही तोंड उघडीत नाही त्यास वंदन करून, लिहिणार लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, माघ शुद्ध पंचमी, भृगुवासरे, विद्येचे राज्यी जे अद्भुत वर्तमान जाहले, ते पाहणारांनी सांगितले आणि ऐकणारांनी वाढविले, त्यातून निवडून ही हकीकत. राज्याचे नाव लिहावयाचे कारण नाही. टेकडीचे उतारावर वसलेले, तटबंदी तारेची, आत सुभे बहुत, गणिताचा, भूगर्भाचा, नाट्याचा, संगीताचा, आणि सुभ्यागणिक एक विभागप्रमुख, आणि सर्वांवर कुलगुरुमहाराज. महाराज गंभीर पुरुष, परी मनी रसिक. त्यांनी मसलत केली की वसंत येतो, तर येत्या पंचमीस व्याख्यान व्हावे, नृत्य व्हावे, तसबिरीचे प्रदर्शन व्हावे, आणि तिन्ही एकेच सायंकाळी व्हावे, म्हणजे कीर्ती दाही दिशा एकदम जाईल आणि चहा एकदाच करावा लागेल. मग उत्सवाचे सेनापतीपद प्राध्यापक तारळेकर यांस दिले. तारळेकर म्हणजे उत्साहाचा धबधबा, चालणे ठाऊक नाही, धावणेच ठाऊक. त्यांनी ठायी ठायी फलक लाविले की सभागृही दूरदेशीचे व्याख्यानकेसरी पंडित 'मनुष्याचे अवधान' या विषयावर बोलतील, खुल्या रंगमंची नाट्यसुभ्याचे नृत्य होईल, आणि फलकाचे तळाशी, जेथे डिंक लावितात तेथे, बारीक अक्षरी लिहिले की ग्रंथालयामागील दालनी एक तसबीर, काढणार घोलप.

हे घोलप म्हणजे निवृत्ती घोलप, चित्रकलेचे सुभ्यात तासिकेवर शिकविणारे, वय तरुण, अंग सडपातळ, आणि लाजाळू ऐसे की स्वतःची हजेरी देतानाही आवाज दुसऱ्याचा वाटावा. व्याख्यान कोणतेही असो, निवृत्ती जाऊन शेवटचे बाकावर बसत, आणि मांडीवर कागद धरून पुढील लोकांच्या पाठी काढीत. चेहरे काढावयाचे तर समोर बसावे लागते, आणि समोर बसावयाचे तर लोक आपल्याकडे पाहतात, हे त्यांस सोसत नसे. ऐसे दोन वर्षे करिता करिता त्यांस तमाम राज्य पाठमोरे पाठ जाहले. कोणाची मान डुलकीने कोठे झुकते, कोणाचे खांदे टाळीआधी कैसे उचलतात, कोण एकटा आहे आणि शेजारची खुर्ची कोणासाठी रिकामी ठेवितो, हे पाठीवरून जेवढे कळते तेवढे तोंडावरून कळत नाही, ऐसे त्यांचे मत, आणि ते त्यांनी कोणास सांगितले नाही. मग त्या साऱ्या पाठी मिळवून त्यांनी कोळशाने एक तसबीर सिद्ध केली, भिंतभर लांब, पुरुषभर उंच, सभागृह गच्च भरलेले, रांगांमागे रांगा, आणि सर्व पाठमोरे. फक्त एक नाही. मागल्या अंगास एक कन्या आहे, ती मात्र वळून मागे पाहते आहे. तिची वेणी आहे, कानी लोलक आहेत, ओढणी खांद्यावरून घसरली आहे, आणि तोंडाचे ठिकाणी कोरा कागद आहे. ती रेणुका शेंडगे, भूगर्भाचे सुभ्यातील संशोधक. व्याख्यान संपून 'कोणास काही प्रश्न?' ऐसे विचारिले की तमाम सभा नखे पाहू लागे, तेव्हा हात वर होई तो एक तिचाच, आणि भलेभले वक्ते तो हात पाहून पाण्याचा पेला शोधीत. त्या कन्येशी एक शब्द बोलावा ही निवृत्तीची दोन वर्षांची मनीषा, आणि दोन वर्षांत तो शब्द कंठाचे वर आला नाही. आता माघअखेर त्यांच्या तासिका संपत होत्या. मग त्यांनी मनाशी पण केला की पंचमीस ती दालनी आली तर बोलावे, न आली तर तसबीर गुंडाळावी आणि गावी जावे, आणि हा विषय तेथेच पुरावा. आणि ती यावी म्हणून देव आळविला, आणि न यावी म्हणूनही आळविला, त्यामुळे देवासही संकट पडले.

आता समईचे वर्तमान. राज्यात समई एकच, पितळेची, कमरेइतकी उंच, माथ्यावर मोर. ती प्रज्वलित जाहल्यावाचून कार्य सुरू जाहले ऐसे धरीत नाहीत. आणि दुसरा दंडक ऐसा की एकदा लाविली की फुंकावयाची नाही, हलवावयाची नाही, तेल सरून आपोआप शांत होईतो कार्य तिचेच समोर व्हावे. पूर्वी कोणी एके वर्षी पेटती समई हलविली, त्या वर्षी परीक्षांचे निकाल पाऊस संपला तरी लागले नाहीत, तेव्हापासून कोणाची छाती होत नाही. तारळेकरांनी तजवीज केली की पंडितांकडे न्यावी, आणि अन्यत्र उदबत्तीवर भागवावे, आणि पंडितांचे व्याख्यान लांबते ही ख्याती असल्याने समईत तेल काठोकाठ भरविले. मग बापूराव शिपायांस बोलावून आज्ञा केली, "समई न्या."

"कोठे न्यावी साहेब?"

"सभा भरली असेल तेथे न्यावी, बापूराव! लोक शांत बसून वाट पाहात असतील, ती सभा पंडितांची. यात विचारावयाचे काय?" आणि उत्तर ऐकावयास न थांबता धावत गेले.

बापूरावांचा चष्मा त्या दिवशी दुरुस्तीस गेला होता. ते समई खांद्यावर घेऊन प्रथम सभागृही आले, तो आत चारदोन मंडळी, तीही पंख्याखालची जागा कोणाची यावरून भांडत होती. मग रंगमंची गेले, तेथे नर्तकी घुंगरू बांधीत होत्या आणि प्रेक्षक म्हणून एक मांजर. मग ग्रंथालयामागे आले, आणि दालनाचे दार अर्धे उघडे, आत संधिप्रकाश, आणि पाहतात तो सभा गच्च! रांगांमागे रांगा, कोणी हलत नाही, कोणी खोकत नाही. बापूराव मनी चकित जाहले की पंडित खरे थोर, न बोलताच ऐसी शांतता. मग चोरपावली आत शिरून, बसलेल्यांची तंद्री मोडू नये म्हणून कुजबुजत निवृत्तीस म्हणाले, "घ्या साहेब, समई. काडेपेटी खाली आहे." आणि पाठमोऱ्या सभेस नमस्कार करून गेले. निवृत्तीस ठाऊक होते की ही समई आपली नव्हे. 'अहो, ही इकडची नाही' इतकेच म्हणावयाचे होते. ते वाक्य त्यांनी मनी जुळविले, आणि जुळेतो बापूराव चहावर पोहोचले होते.

इतक्यात दारी लोलक वाजले. रेणुका आली. तिने आत पाऊल टाकिले आणि शेवटचे रांगेतील एका दांडग्या पाठीस म्हणाली, "अहो, जरा सरकता का?" पाठ सरकेना. "ऐकू येते का हो?" म्हणून तिने खांद्यास हात लाविला, तो बोटे काळी जाहली. मग तिने तसबीर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, आणि ऐसी हसली की ग्रंथालयातील कबुतरे उडाली. "हे सर्व तुम्ही काढिले? तुम्ही घोलप ना, शेवटचे बाकावरले?"

निवृत्तीने मान हलविली. केलेला पण आठवला, बोलावयाचे होते ते सर्व आठवले, आणि त्यांनी मान पुन्हा एकदा हलविली.

"आणि समई लावावयास कोणी मोठे माणूस येणार आहे का?"

निवृत्तीने मान आडवी हलविली. वास्तविक त्यांस सांगावयाचे होते की बाई, लावू नका.

"मग आपणच लावू की. मोठ्यांची वाट पाहाता पाहाता वसंत संपेल." ऐसे म्हणून तिने काडी ओढिली, आणि पाची वाती लाविल्या, आणि तसबिरीतील तमाम मानांवर उजेड पडला, जणू दिवे लागले म्हणून सभेने श्वास घेतला.

तिकडे सभागृही हाहाकार. महाराजांची स्वारी आली, पंडित आले, तबकात निरांजन आले, आणि समई नाही. तारळेकर या दारातून त्या दारात धावले, बापूरावांस गाठिले, आणि हकीकत ऐकून धावत दालनी आले, आणि पेटलेली समई पाहून मटकन बसले. "घोलप! अहो घोलप, हे काय केलेत! तुम्ही तर दोन वर्षांत कोणाचे काही बिघडविले नाही हो!" रेणुका म्हणाली, "मी लाविली." तारळेकर म्हणाले, "बाई, तेल तीन तासांचे आहे!" मग महाराजांस वर्तमान गेले. महाराजांनी क्षणभर डोळे मिटिले, आणि निकाल आठवले, आणि म्हणाले, "समई इकडे येत नाही, तर आपण तिकडे जाऊ. कूच करा." मग काय विचारता! पुढे महाराज, मागे पंडित, मागे सुभेदार विभागप्रमुख, मागे विद्यार्थ्यांची फौज खुर्च्या डोईवर घेऊन, आणि रंगमंचाकडून नर्तकी घुंगरांसह धावत आल्या, त्यांच्या मागे चहाची किटली, आणि सर्वांमागे ते मांजर. दालन लहान, लोक अपार. आणि जो तो आत येई तो प्रथम भिंतीवरील सभेस पाहून दचके, मग हसे, आणि मग एकच गलका उठला, "मी कोठे? माझी पाठ कोणती?" कारण आपली पाठ कोणास ठाऊक असते? सर्वांस दुसऱ्यांची ठाऊक होती, स्वतःची नाही. मग लोक तसबिरीस टेकून उभे राहू लागले आणि परस्परांस विचारू लागले. "ही मान माझी का हो?" "छे, तुमची इतकी ताठ कोठे? ती पलीकडची, झोपलेली." "झोपलेली? मी चिंतन करितो!" नाट्याचे प्रमुख आणि संगीताचे प्रमुख, ज्यांचे परस्परांशी बोलणे कैक वर्षे बंद, ते तसबिरीत शेजारी शेजारी निघाले, मधली खुर्ची रिकामी. दोघांनी त्या खुर्चीकडे पाहिले. मग संगीताचे म्हणाले, "अप्पा, तुझे खांदे फार उतरले रे." नाट्याचे म्हणाले, "तुझे काय चढले आहेत?" आणि उभयतां एका पेल्यातून चहा प्याले. महाराजांनी पुढील रांगेत बोट ठेवून पुसिले, "हे चंद्रासारखे टक्कल कोणाचे?" सभा दगड जाहली. पंडित परदेशीचे, त्यांस रिवाज ठाऊक नाही, ते महाराजांस प्रदक्षिणा घालून म्हणाले, "आपलेच, महाराज. पौर्णिमाच आहे." महाराजांनी डोईवरून हात फिरविला, आणि ऐसे हसले की तीन सुभे सुट्टी समजून उठले.

मग तेथेच कार्य जाहले. पंडित म्हणाले, "जन्मात प्रथमच भरल्या सभेपुढे बोलतो. निम्मे भिंतीवरचे आहेत, परी ते मधून उठून जात नाहीत." आणि अवधानावर बोलावयाचे ते थोडके बोलिले, कारण लोकांचे अवधान भिंतीकडे. मग नर्तकींनी समईस प्रदक्षिणा घालीत नृत्य केले, आणि ज्योतीबरोबर सावल्या हालल्या तेव्हा तसबिरीतील पाठीही डोलू लागल्या ऐसे कित्येकांनी शपथेवर सांगितले. निवृत्ती इतका वेळ दाराआड उभे होते. आनंद इतका जाहला होता की पळून जावेसे वाटत होते. आणि मग तारळेकरांनी, सवय म्हणून, काही विचार न करिता, विचारिले, "कोणास काही प्रश्न?"

हात वर जाहला. पंडितांनी पेला शोधिला. परी रेणुका म्हणाली, "प्रश्न व्याख्यात्यांस नाही. घोलपांस आहे." आणि तमाम राज्य दाराकडे वळले. दोन वर्षे ज्याने पाठी पाहिल्या, त्याकडे एकदम इतके चेहरे! निवृत्तीने दाराचे चौकटीस हात टेकिला. रेणुका म्हणाली, "तसबिरीत ही एकटी मागे वळून पाहते. हिचे लोलक माझे आहेत, ओढणी माझी आहे. तोंड का काढिले नाही?"

समईची वात चुरचुरली. पळावे, तर दारी बापूराव किटली घेऊन उभे. मग निवृत्तीने श्वास घेतला, आणि त्यांचा आवाज प्रथमच त्यांचा स्वतःचा वाटला. "मी न पाहिलेले काढीत नाही. तुम्ही वळलात, तेव्हा मी मान खाली घातली. पाहावयाची हिंमत जाहली नाही."

"एकदाही नाही?"

"तुम्ही दर वेळी वळत होता. माझी हिंमत दर वेळी नाही."

रेणुका हसली, आणि इतरांस प्रश्न विचारिते त्या चढ्या आवाजात नव्हे, हळू म्हणाली, "घोलप, शेवटचे बाकावर तुमच्याशिवाय कोणी बसत नव्हते. मग मी वळून कोणास पाहात होते, हे तरी ध्यानी आले का?"

 निवृत्तीने मान वर केली, आणि पाहिले. तिकडे खुर्च्यांवर उभे राहून विद्यार्थ्यांनी आरोळी ठोकिली, घुंगरू वाजले, आणि पंडित अवधान विसरून टाळ्या पिटू लागले. महाराजांनी हात उंचावून सर्वांस शांत केले आणि विचारिले, "तारळेकर, तेल किती आहे?" तारळेकर वाकून पाहून म्हणाले, "महाराज, पुष्कळ आहे. पंडितांचे हिशेबाने भरिले होते." महाराज म्हणाले, "मग घोलपांस कोळसा द्या, आणि बाईंस खुर्ची द्या, आणि कोणी उठू नका." मग रेणुका समईशेजारी बसली, आणि निवृत्ती तिजसमोर बसले, जेथे ते कधी कोणासमोर बसले नव्हते, आणि एकदा तिजकडे पाहात आणि उठून एकदा भिंतीवर एक रेघ ओढीत, आणि पुन्हा बसून पाहात, आणि पाहाणे फार आणि रेघा थोड्या ऐसे चालले, आणि कोणी घाई केली नाही. तमाम राज्य त्यांच्या पाठीकडे पाहात बसले होते. तोंड पुरे जाहले, आणि मग एक एक वात आपोआप शांत जाहली.

तात्पर्य काय, तर समई चुकली, व्याख्यान आखूड जाहले, नृत्य दाटीवाटीने जाहले, तसबीर पुरी जाहली, निवृत्ती गावी गेले नाहीत. आभारप्रदर्शन तेवढे राहून गेले, कारण शेवटी कोणी कोणाचे आभार मानावे हे ठरेना, आणि तारळेकर यांचे मते ते अद्यापि बाकी आहे. तेल सरले, तेथे हकीकतही सरली. अंधारात लेखणी खाली ठेविली.