कॉम्प्युटर लागला, दही लागेना

कॉम्प्युटर स्वतःच्या हातानं उघडला, आतला सगळा ऐवज बदलला, परत बंद केला आणि एकही स्क्रू उरला नाही, असा माणूस नेवासा तालुक्यात एकच आहे. तो मी, बजरंग. शाळेत क्लार्क आहे, पण ती माझी खरी ओळख नव्हे.

आमच्या जुन्या कॉम्प्युटरची तऱ्हा अशी, की बटण दाबावं, आंघोळ उरकावी, चहा घ्यावा, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतंच आहे. म्हणून मी तो रात्री बंदच करत नसे. नुसता पडदा बंद करायचा. त्याचा डबा टेबलावर, आईनं शिवलेल्या भरतकामाच्या कव्हराखाली, रात्रभर घरघरत राहायचा.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर, नवी रॅम, नवा पॉवर सप्लाय आणि एसएसडी बसवली. जुना राहिला तो फक्त डबा. मग घरच्यांना समोर उभं करून बटण दाबलं. बोट उचलेपर्यंत लागलासुद्धा.

"बंद पडला काय?" आबांनी विचारलं.

"आबा, चालू आहे."

"मग वरडंना कसा?"

माझी बायको रोहिणी तेवढी "छान झालाय" म्हणाली. त्या दिवसापासून मी काम झालं की कॉम्प्युटर बंद करू लागलो. सकाळी लोकांसमोर झटक्यात लावून दाखवण्यात जी मजा होती, ती चालू ठेवण्यात नव्हती.

दुसऱ्याच दिवशी पहाटे आईचा आवाज आला, "आज लागलं न्हाई गं."

"लागतो की," मी पांघरुणातूनच म्हणालो. "थांब, लावून दाखवतो."

"दही म्हनते मी."

आमच्या आबांच्या घशाखाली दह्याशिवाय भाकरी उतरत नाही. त्या दिवशी त्यांनी दूध-भाकरी खाल्ली, तीसुद्धा दवाखान्यात जेवल्यासारखी. दुसऱ्या दिवशीही पातेल्यात दूध जसंच्या तसं. आईनं शेजारच्या पुष्पावती काकूंकडून विरजण आणलं. लागलं नाही. पातेलं चिंचेनं घासलं. लागलं नाही. पातेल्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, आम्ही सगळे खोकलो, दूध हललं नाही.

मग संशय गोठ्याकडे वळला. आमची म्हैस सरदारीण. आबांनी घोडेगावच्या बाजारातून आणली तेव्हा एवढीशी होती, आईनं तिला पोटच्या लेकरासारखी वाढवली. चुलीवरची पहिली भाकरी आजही तिची असते, दुसरी आबांची. आता आबांनी तिचं उसाचं हिरवं वाढं बंद करून कोरडा कडबा चालू केला. डेअरीत तिच्या दुधाला फॅट पहिल्यासारखीच लागत होती, तर आबा म्हणाले, डेअरीचं मशीनच लबाड आहे. तेवढ्यात पुष्पावती काकू विचारून गेल्या, "तुमच्या म्हशीचं दूध नासकं हाय म्हन?" हे आबांच्या फार जिव्हारी लागलं.

अशा वेळी घरातल्या शिकलेल्या माणसानं गप्प बसणं बरं दिसत नाही. मी कॉम्प्युटर लावला. दही का लागत नाही, असं विचारलं. उत्तर क्षणात हजर. कारण पहिलं, पुरेशी ऊब नसणे. ते मी सोडून दिलं, कारण आमचं घर होतं तिथंच होतं. कारण दुसरं, दुधातच दोष असणे.

"आबा, दोष म्हशीतच आहे," मी जाहीर केलं. "शास्त्र सांगतंय."

"मग बाजार दाखवू," आबा म्हणाले.

आई उठून गोठ्यात गेली. मला फार वाईट वाटलं, पण शास्त्रापुढं इलाज नव्हता.

घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी सकाळीच पिकअप दारात आली. सरदारीण चढायला तयार नव्हती. चौघांनी ढकलून ती वर चढवली, आई तिच्या गळ्यातला दोर धरून उभी होती. आबांनी आवाज दिला, "बजरंग, तिच्या कानातल्या बिल्ल्याची नोंद छापून आन, बाजारात मागत्यात!"

मी आत धावलो आणि कॉम्प्युटरवरचं कव्हर उचललं. डब्यावर जुन्या शालीत गुंडाळलेलं पातेलं. आत दूध, गारेगार.

"आई!" मी ओरडलो. "हे इथं कुणी ठेवलं?"

आई डोळे पुसत दारात आली. "मीच. आज उचलायचं ध्यानात न्हाई ऱ्हायलं. तुमी निजलात की ठिवते, उठायच्या आत काढते."

"कधीपासून?"

"तू ह्यो डबा आनलास तवापासून. घरघरीला मांजर भितं, तोंड घालत न्हाई."

मी डब्यावर हात ठेवला. रात्रभर बंद होता, रांजणासारखा थंड. जुना असता तर हात भाजला असता. दारात रोहिणी उभी होती. तिला माझ्या आधीच कळलं असावं, कारण ती पदर तोंडाला लावून तिथून निघून गेली.

"छापलं का?" बाहेरून आबा.

मी पिकअपजवळ गेलो. "आबा, म्हैस उतरवा. तिच्यात दोष नाही."

"कालपत्तोर तर व्हता. मंग आता कुनात हाय?"

चारचौघांत, ड्रायव्हरसकट सगळ्यांसमोर, सांगावं लागलं. ऊब, पातेलं, नवा मदरबोर्ड, सगळं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "ह्याला नेतो का बाजारला? म्हैस ऱ्हाऊ दे."

सरदारीण मात्र उड्या मारत उतरली. आईनं तिला भाकरी दिली, मग घरात गेली आणि पलंगाखालचं खोकं ओढून माझ्यासमोर ठेवलं. त्यात कॉम्प्युटरचा जुना ऐवज होता. वर स्क्रूड्रायव्हर ठेवलेला.

नवा रात्रभर चालू ठेवून बघतो, म्हणून मी एक रात्र मागून घेतली. सकाळी पातेलं गार, आणि घरघर थांबल्याचं एव्हाना मांजरालाही कळलेलं, त्याच्या मिशा पांढऱ्या. मग मात्र गुपचूप सगळं जुनं परत बसवलं. डबा घरघरू लागला. दुसऱ्या दिवशी दही असं लागलं, की सुरीनं कापावं. आबा दोन भाकरी जास्त जेवले, पुष्पावती काकूंच्या घरी वाटीभर मुद्दाम गेलं.

एकच गोष्ट तेवढी तुमच्या-माझ्यात ठेवा. या खेपेला मूठभर स्क्रू उरले. ते मी आईला दाखवले.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "दह्याला काय करायचेत?"