मांडवीच्या हवेला पुरून उरलेलं पेडल

माणसाला आयुष्यात भरवशाच्या गोष्टी फार थोड्या लाभतात. म्हणून ज्या विकत मिळतात त्या तरी नीट पारखून घ्याव्यात. समुद्रकाठच्या मांडवी गावातल्या विनीतला हे तत्त्व पुरतं पटलं होतं. त्याला पेडल घ्यायचं होतं, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची लोखंडी डबी. त्याच्या कॉलेजातल्या मनस्वीने स्वतः एक गाणं रचलं होतं. देवरूखच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ती ते विनीतच्या गिटारवर गाणार होती आणि मग नोकरीला मुंबईला जाणार होती. तिला थांबवण्याजोगं विनीतकडे एवढं एक गाणंच होतं.

"गाणं कधी बसवायचं?" ती विचारी.

"आधी भरवशाचं पेडल मिळू दे," विनीत सांगे. घाई करून फसलेल्या वादकांची उदाहरणं त्याच्याकडे भरपूर होती (सर्व परदेशातली).

निवडीची पद्धत शास्त्रीय होती. मांडवीत दर दहा लोखंडी वस्तूंपैकी अकरा गंजतात (अकरावी शेजाऱ्याकडून मागून आणलेली). म्हणून मित्रांची पेडलं आणून आधी समुद्राकडच्या खिडकीत ठेवण्यात आली. जी उरली ती जांभ्याच्या चिऱ्यावर आपटली. एकाने चिऱ्याचाच कोपरा उडवला. तसलंच नवं मागवलं. आईने, म्हणजे सगुणाबाईंनी, ते सुकत घातलेल्या बांगड्यांच्या जाळीवर वजन म्हणून ठेवलं आणि मांजराने हार मानली. विनीतला इतका भरवसा घरातल्या कुणाचाही वाटला नव्हता.

दसऱ्याला सगुणाबाईंनी पेडलला हळदकुंकू वाहिलं.

"वाद्य हाय ता, बाला. पाय लागला की हात लावून पाया पडायचा."

विनीतने मान डोलावली. गाणं बसवायचं तेवढं राहिलं होतं.

गॅदरिंगमध्ये पेडलने एकदाही दगा दिला नाही. विनीत पायाने ते दाबी, लाल दिवा लागे, आणि लगेच तो वाकून पेडलला हात लावी आणि हात छातीशी नेई. बंद करतानाही तेच. त्यामुळे पेडल सुरू होई नेमकी तेव्हा गिटार थांबलेली असे. मनस्वीने दोन कडवी त्याची वाट पाहिली, तिसरं एकटीनेच गायलं. प्राचार्यांनी आभाराच्या भाषणात विनीतच्या संस्कारांचा खास उल्लेख केला.

"पेडल चांगलं आहे हां," मनस्वी जाताना एवढंच म्हणाली आणि मुंबईच्या गाडीत बसली.

आता लोक त्याला रस्त्यात थांबवून विचारतात, कुठल्या कंपनीचं, कुठे मिळतं, खाऱ्या हवेत खरंच टिकतं का. मनस्वीचं गाणं कशावर होतं, हे अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्हीही इथवर वाचत आलात ते कंपनीचं नाव कळेल म्हणूनच.